देशमुख : एक आडनाव, अनेक घराणी

आडनाव कानी पडताच समोरच्या गृहस्थाची ज्ञाती ठरवून मोकळे होण्याची खोड आपल्या समाजात फार जुनी आहे. परंतु महाराष्ट्रातील काही आडनावे या खोडीला मुळीच दाद देत नाहीत. त्यांत ‘देशमुख’ हे आडनाव अग्रगण्य होय. ते ब्राह्मणांत आढळते, कायस्थ प्रभूंत आढळते, मराठ्यांत व कुणब्यांत आढळते. काही मुसलमान घराण्यांतही ते पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. माझ्या अध्यापनाच्या काळात एका वर्षी हजेरीपटावर चार देशमुख होते आणि चौघांची ज्ञाती निरनिराळी होती. असे का व्हावे, याचा उलगडा इतिहासच करू शकतो.

देशमुख हे मुळात कुळाचे नाव नव्हे. तो एक हुद्दा होता. गावी जसे पाटील व कुलकर्णी, तसे परगण्यावर देशमुख व देशपांडे. देशपांडे दप्तर सांभाळी. देशमुख वसुलावर देखरेख करी, मुलखाचा बंदोबस्त राखी व प्रसंग पडल्यास आपली माणसे घेऊन लढाईस उभा राही. या सेवेबद्दल त्याला वसुलात ठराविक हक्क व इनाम जमिनी मिळत. दक्षिण कोकणात व कर्नाटकात याच अधिकाऱ्यास देसाई म्हणत. सुलतानी राजवटी आल्या नि गेल्या, पण वंशपरंपरेने चालणारे हे वतन टिकले. वतन ज्या घराकडे आले, त्या घराची ज्ञाती कोणतीही असो, ते घर देशमुखांचे झाले.

सर्वच वतनदारांनी हे उपपद आडनाव म्हणून स्वीकारले नाही, हेही ध्यानी ठेवावे. मावळातील जेधे, बांदल, सिलीमकर ही घराणी देशमुखीची. पण त्यांनी आपली कुळनामेच चालविली. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी, 1659 मध्ये, कान्होजी जेधे शिवछत्रपतींच्या पाठीशी उभे राहिले. पुढील वर्षी घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे यांच्यासमवेत बांदलांच्या माणसांनी देह ठेवला.

या वतनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वाडे, हुडे बांधून रयतेकडून मनमानी वसूल करणारे देशमुखही होते. शिवछत्रपतींनी अशांचे हुडे पाडून त्यांचे हक्क ठरवून दिले, असे सभासदाने नमूद केले आहे. निजामाच्या राज्यातील तेलंगणात तर 1946 पासून जे शेतकऱ्यांचे बंड पेटले, ते विसनूरच्या देशमुखासारख्या जमीनदारांच्या जुलमाविरुद्धच. मुंबई राज्यात 1950 च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने रद्द झाली. हक्क गेले, मान गेला. उरले ते केवळ नाव. या नावाला तेज कोणी दिले, हे आता पाहू.

प्रथम स्मरण होते ते लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख (1823–1892) यांचे. त्यांचे मूळ उपनाव सिधये. घराण्याकडील देशमुखीमुळे ते देशमुख झाले. पंचविसाव्या वर्षी त्यांनी ‘प्रभाकर’ पत्रातून शतपत्रे लिहावयास आरंभ केला. विधवांचे हाल, बालविवाह, निरुपयोगी विद्या आणि पूर्वजांच्या मोठेपणावर जगण्याची वृत्ती यांवर त्यांनी कठोर प्रहार केले, आणि त्यांतील सर्वांत कठोर प्रहार स्वज्ञातीवर होते. ज्ञातीवर प्रेम करणे म्हणजे तिची स्तुतिस्तोत्रे गाणे नव्हे, हा धडा त्यांनी घालून दिला.

दुसरे चिंतामणराव देशमुख (1896–1982). महाडजवळील नाते येथे जन्मलेल्या या कायस्थ प्रभू कुलोत्पन्न विद्यार्थ्याने 1912 च्या मॅट्रिक परीक्षेत पहिला क्रमांक व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि 1950 मध्ये देशाचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्रापासून तोडली जाते असे दिसताच 1956 मध्ये त्यांनी ते पद सोडले. वतनाकरिता भाऊबंद एकमेकांचे गळे कापीत, त्या महाराष्ट्राच्या इतिहासात एका देशमुखाने तत्त्वासाठी एवढे मोठे पद टाकावे, ही गोष्ट चिरस्मरणीय होय. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई मूळच्या आंध्रातील राजमहेंद्रीच्या. आंध्र महिला सभेच्या संस्थापिका व घटना समितीच्या सदस्या असा त्यांचा लौकिक 1953 च्या विवाहापूर्वीच झालेला होता. या आडनावाने त्यांना मोठे केले नाही. त्यांनी आडनावाला मोठे केले.

तिसरे पंजाबराव देशमुख (1898–1965), अमरावती जिल्ह्यातील पापळ गावच्या शेतकरी घरातले. विलायतेत वैदिक धर्माचा अभ्यास करून डॉक्टर व बॅरिस्टर होऊन परतलेल्या या पुरुषाने अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशाचा पक्ष घेतला, श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या द्वारे वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या मुलांना शाळा-महाविद्यालये उघडून दिली व 1952 ते 1962 पर्यंत केंद्रात कृषिखाते सांभाळले. जुना देशमुख शेतकऱ्याकडून घेई. हा देशमुख त्याला देत राहिला.

मराठवाड्यातील कडोळीचे नानाजी देशमुख (1916–2010) यांचे बालपण दारिद्र्यात गेले. साठीच्या सुमारास सत्तेचे राजकारण सोडून त्यांनी गोंडा व चित्रकूट येथील खेड्यांची सेवा पत्करली. 2019 मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

या थोरांची ज्ञाती एक नव्हे, प्रांत एक नव्हे, राजकीय मतेही एक नव्हेत. त्यांना जोडणारा धागा रक्ताचा नसून केवळ एका जुन्या हुद्द्याच्या नावाचा आहे. ‘हे आमचे’ आणि ‘ते परक्यांचे’ अशी त्यांची वाटणी करू पाहणारा स्वतःचाच वारसा तोकडा करून घेतो.

आपल्या तरुण ज्ञातिबांधवांना व भगिनींना एवढेच सांगणे आहे. आडनाव हे पूर्वजांनी ठेवलेले रिकामे पात्र आहे. त्यात पूर्वी वतनाचे धान्य पडत असे. ते आता बंद झाले. विद्या, सचोटी व लोकसेवा यांनी ते भरणे आपल्या हाती आहे. पुढील पिढीने आपले आडनाव अभिमानाने सांगावे असे वाटत असेल, तर त्या अभिमानाला कारण आपणच निर्माण केले पाहिजे. इत्यलम्.