छडीवाचूनची शिस्त

मराठी शाळेचा इतिहास म्हटलं की पंतोजी आठवतात, आणि पंतोजींच्याही आधी त्यांची छडी. ओसरीवर नाहीतर देवळात भरलेली शाळा, धूळपाटीवर अक्षरं गिरवणारी पोरं, संध्याकाळी एका सुरात चाललेली पावकी-निमकी-सवायकी, आणि चुकलं की अंगठे धरून ओणवं राहणं. शाळा चुकवणाऱ्याला उचलून आणायला चार दांडगी मुलं पाठवायची, ही तर रीतच होती. हे चित्र खोटं नाही. मात्र त्यावरून जे सर्रास म्हटलं जातं, की आपल्याकडे शिस्त म्हणजे मारच आणि मुलाला मान देऊन त्याच्यात स्वयंशिस्त रुजवणं हे अलीकडचं, उसनं खूळ, ते इतिहासाला धरून नाही. गेल्या शतकात महाराष्ट्रात आणि शेजारच्या काठियावाडात छडीवाचून शिस्त उभी करण्याचे खणखणीत प्रयोग झाले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले, की कुठे जमलं आणि कुठे अडलं याचं एक कारण वारंवार समोर येतं. मुलाच्या हाती खरं काम आणि त्या कामापुरता खरा अधिकार आला, तिथे शिस्त टिकली. नुसती छडी बाजूला ठेवून गोड बोलणं सुरू झालं, तिथे ती फार दिवस टिकली नाही.

मुळात पंतोजींची शाळासुद्धा केवळ छडीवर चालत नव्हती. एका शिक्षकापुढे निरनिराळ्या वयाची, निरनिराळ्या पायरीवरची मुलं बसत. आजच्या अर्थाने इयत्ता नव्हत्या. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला अक्षर वळवून द्यायचं, त्याच्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे, ही सोय गरजेतून आलेली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासला एग्मोरच्या अनाथालयाचा कारभार पाहणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने लिहिताना पाहिली, तीच युक्ती आपल्या अनाथालयात आणली, मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि १७९७ मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापलं. तिकडे जोसेफ लँकेस्टरने अशाच पद्धतीवर एका मास्तराच्या देखरेखीखाली शेकडो मुलांची शाळा चालवून दाखवली. लँकेस्टर क्वेकर पंथाचा, वेत मारण्याच्या विरोधात. पण त्याच्या शाळेत खोडकर मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवत, कुणाला पिंजऱ्यात बसवून छताला टांगत. मार नव्हता, अपमान भरपूर होता. आणि त्याचा मॉनिटर? त्याला अधिकार मिळाला तो दुसऱ्या मुलांवर. आपल्या वर्गांत आजही फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर असतो, तो याच घराण्यातला. त्याला काम म्हणून दिलेलं असतं ते पाळत ठेवण्याचं.

एकोणिसाव्या शतकात १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शिक्षणखातं आलं आणि वर्गाची घडणच पालटली. इयत्ता ठरल्या, घंटा आली, एकाच वेळी सगळ्यांनी एकच धडा ऐकायचा झाला, आणि वर्षाकाठी परीक्षा घ्यायला साहेब येऊ लागला. मुंबई इलाख्यात मदत घेणाऱ्या खासगी शाळांना निकाल पाहून अनुदान देण्याची पद्धतही याच काळातली. पंतोजींकडे गलका हा शाळा चालू असल्याचा पुरावा होता. रस्त्याने जाणाऱ्याला पाढे ऐकू आले नाहीत तर शाळेला सुट्टी असावी, असं वाटे. नव्या वर्गात शांतता हाच पुरावा ठरला. चाळीस मुलं तासभर गप्प बसवणं हे काही निसर्गाला धरून नाही, तेव्हा छडीला नवं आणि पक्कं काम मिळालं. गंमत अशी की शेंगांच्या टरफलांची गोष्ट (ती घडली तशीच सांगितली जाते की नाही हा भाग वेगळा) आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगत आलो: न केलेल्या चुकीची सामुदायिक शिक्षा बाणेदारपणे नाकारणारा मुलगा. आणि ती सांगून झाली की त्याच वर्गात कुणी खडू फेकला हे कळेना म्हणून सगळा वर्ग बाकावर उभा.

या वर्गाला सरळ जाब विचारला तो गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाईंनी १९२० मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. मारिया माँटेसोरीने १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत जे दाखवलं होतं, की तीन-चार वर्षांचं मूलसुद्धा आपलं काम निवडून त्यात तल्लीन होतं, ते त्यांनी गुजराती मातीत रुजवलं. त्यांचं ‘दिवास्वप्न’ हे पुस्तक कथेच्या रूपात आहे. चौथीचा वर्ग मागून घेणाऱ्या एका मास्तराचा तो प्रयोग. त्यातला पहिला दिवस प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. मास्तर पुस्तकी उत्साहाने शांततेचा खेळ मांडतात: खिडक्या लावून अंधार करतात, डोळे मिटायला सांगतात. पोरं हुंकार काढतात, टाळ्या पिटतात, पाय आपटतात, आणि खेळाचा पार बोजवारा उडतो. मास्तर रागावत नाहीत की उपदेशही करत नाहीत. त्या दिवसापुरती शाळा सोडून देतात. दुसऱ्या दिवशी गोष्ट सुरू करतात. मुलं सरकून जवळ येतात, गप्प बसतात, हजेरीसुद्धा बिनबोभाट होते, कारण गोष्ट पुढे ऐकायची असते. शांतता आधी आणि शिकणं मागून, हा क्रम गिजुभाईंनी उलटा करून दाखवला.

१९२३ मध्ये त्यांच्याकडे गेलेल्या ताराबाई मोडक यांनी हे काम मराठीत आणलं आणि माझ्या मते त्याला खरा कस लावला. भावनगर-दादरच्या बालशाळांतली मुलं पांढरपेशा घरांतली, साधनं महाग. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं शाळेत येईनात. कारण उघड होतं: कुणाला गुरं राखायची, कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं. हजेरीचा बडगा उगारण्याऐवजी या बायांनी शाळाच त्यांच्यामागे नेली. गुरं चरतात तिथे कुरणशाळा, वस्तीच्या अंगणात अंगणवाडी. महागड्या लाकडी साधनांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे. आता विचार करा, सात वर्षांचं पोर दिवसभर गुरांवर नजर ठेवतं, एकही जनावर शेतात घुसू देत नाही. त्याला शिस्त नाही असं म्हणायचं कुणी? शिस्त होतीच, शाळेला ती ओळखता येत नव्हती. कोसबाडच्या प्रयोगाचं मोल मला यात दिसतं.

वसतिगृहांचा धागा वेगळा. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरला शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, पसरलेलं सामान आवरून ठेवत, आणि मुलं ओशाळून आपण होऊन कामाला लागत. हे थोरच. तरी एक शंका राहते. मूल कामाला लागलं ते गुरुजींच्या मायेपुढे लाजून. गुरुजी १९३० मध्ये सत्याग्रहात गेल्यावर त्या जागी दुसरा साने गुरुजी कुठून आणायचा? मायेच्या लाजेवर चालणारी शिस्त माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये जे बोर्डिंग सुरू केलं, त्याचा पाया त्यामुळे मला अधिक भक्कम वाटतो. स्वयंपाक, पाणी, झाडलोट, शेतातली कामं मुलं वाटून करत, कारण केली नाहीत तर जेवण नव्हतं. तिथे काम हा संस्कार शिकवण्याचा देखावा नव्हता. आणि त्या पंगतीत सगळ्या जातींची मुलं बसत. हे साताऱ्यात घडलं, याला अर्थ आहे: त्याच साताऱ्यात दोन तपांपूर्वी लहानग्या भीमराव आंबेडकरांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागत होतं आणि शिपाई नसेल तर पाणी मिळत नव्हतं. वर्गातल्या आदराबद्दल महाराष्ट्रात बोलायचं तर जातीला वळसा घालून बोलता येत नाही. ज्या वर्गात एकाला पाण्याला हात लावायची बंदी आहे, तिथे स्वयंशिस्तीचा धडा कुणी कुणाला द्यायचा?

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की ही सगळी लोकोत्तर माणसं. साठ मुलांच्या वर्गात साध्या शिक्षकाने काय करायचं? साने गुरुजींबाबत हा आक्षेप मी मान्य केलाच आहे. पण भाऊरावांची रयत शिक्षण संस्था त्यांच्या मागेही वाढत राहिली आणि कोसबाडने साध्या खेड्यातल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं, तेव्हा सगळंच व्यक्तीवर टेकलेलं होतं असं नाही. दुसरा आक्षेप अधिक बोचरा: कामाने शिस्त म्हणाल तर शाळेचं आवार झाडायला नेमकी कुणाची मुलं लावली जातात हे आम्हाला ठाऊक आहे. खरं आहे. म्हणून तर कामाबरोबर अधिकार हवा, आणि पाळी सगळ्यांची हवी. सेवाग्रामच्या नई तालीम शाळेत मुलांची सभा भरे, मुलं आपल्यातूनच मंत्री निवडत, आणि सफाई असो की स्वयंपाक, त्याचा हिशेब सभेपुढे द्यावा लागे. झाडूबरोबर प्रश्न विचारण्याचा हक्कही हाती आला की ते काम वेठ राहत नाही. उरला तो ‘आम्ही मार खाल्ला म्हणून घडलो’ हा दाखला. तो देणारे शाळेत टिकलेले असतात. मार खाऊन दुसरीतच शाळा सोडलेल्यांची साक्ष काढायला कुणी जात नाही.

शारीरिक शिक्षा शिक्षणातून हद्दपार करण्याची भाषा १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात आली, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी घातली. ‘आमचे हात बांधले’ ही शिक्षकांची तक्रार तेव्हापासूनची. तिच्यात अर्धं सत्य आहे. कायद्याने एक हत्यार काढून घेतलं. त्या जागी काय, हे सांगणं कायद्याचं काम नव्हतं. प्रशिक्षणात कोसबाड आणि सातारा परीक्षेपुरत्या टिपांमध्ये उरले. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत आज शालेय मंत्रिमंडळ असतं. आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री अशी नावं भिंतीवर रंगवलेली असतात. मधल्या सुट्टीत खेळाचं साहित्य कुणी वापरायचं, वाचनालयाच्या कपाटाची किल्ली कुणाकडे राहायची, पोषण आहाराच्या पंगतीत आधी कोणी बसायचं, यातलं काही त्या मंत्र्यांना ठरवता येतं का, एवढं पाहिलं तरी त्या शाळेत मॉनिटर नेमला आहे की मंत्री, ते समजतं.