बिशनगयेची नोंद

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात कहावतींचा धडा चालू होता. फळ्यावर ‘घर का भेदी लंका ढाए’ लिहिले आणि विचारले, हा भेदी कोण? वर्ग गप्प. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, “सर, ये तो उन लोगों की कहानी है ना? हमें मालूम होना चाहिए क्या?”

रावण, बिभीषण, लंका सांगून आम्ही अर्थ समजावला. तास संपला, पण मुलाचा प्रश्न घरापर्यंत सोबत आला. गोष्ट ‘त्या लोकांची’ असेल, तर ती आपल्या उर्दूत कशी आली? ‘राम कहानी सुनाना’, ‘उल्टी गंगा बहाना’ हे मुहावरे आपल्याच बुजुर्गांच्या तोंडी घोळत आले आहेत. मराठीत तर विचारूच नका. कामाचा आपण ‘श्रीगणेशा’ करतो, औषधाला ‘रामबाण’ म्हणतो. आमची दादी पाच वक्त नमाजी. फजरला न उठणाऱ्या नातवाला ती ‘कुंभकर्ण’ म्हणूनच हाक मारायची. तिच्या ईमानाला त्याने कधी धक्का लागला नाही.

पुढच्या वर्षी शाळेची सहल लोणारला न्यायचे ठरले, तेव्हा हाच प्रश्न पालकांच्या तोंडून आला. “तिथे मंदिरेच मंदिरे आहेत. मुलांना कशाला नेता?” आम्ही सांगितले, अवकाशातून आलेल्या उल्केने बेसॉल्ट खडकात पाडलेले विवर दाखवायला नेतो. व्यास सुमारे १.८ किलोमीटर, आत खाऱ्या पाण्याचे सरोवर. २०२० साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले आहे. पालकांचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. कारण आम्ही अर्धेच खरे बोललो होतो. लोणार म्हणजे नुसता खड्डा नव्हे. या खड्ड्याला माणसांनी जो अर्थ दिला, तोही लोणारच आहे.

तो अर्थ असा सांगतात. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या गुहेत दडून लोकांना छळत असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या बहिणींकडून गुहेचा ठावठिकाणा काढला, पायाच्या अंगठ्याने तिचे झाकण उडवले आणि त्याला ठार केले. सरोवराचे पाणी म्हणजे त्या दैत्याचे रक्त, आणि त्यातला खार म्हणजे त्याचे मांस. गावात दैत्यसूदनाचे मंदिर आहे, बाराव्या-तेराव्या शतकातल्या कोरीव कामाचे. त्याच्या छतावर हाच प्रसंग कोरला आहे. विवराच्या काठावर गोड्या पाण्याची अखंड धार आहे आणि खाली पाण्याजवळ कमळजादेवी. पाणी खारे का, याचे उत्तर लोकांनी देवाच्या कथेतून शोधले. आज रसायनशास्त्र दुसरे उत्तर देते. पण तीर्थ, यात्रा, शिल्पकला आणि गावाचे नावसुद्धा ज्यातून घडले, ते पहिले उत्तर होते.

आता मुद्द्यावर येतो. या लोणारची एक महत्त्वाची नोंद फारसीत आहे आणि ती लिहिणारा मुसलमान होता. १५९६ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड मोगलांना दिला आणि सूबा बेरारची माहिती अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त आली. सरकार मेहकरच्या वर्णनात तो लोणारवर थांबतो. हे मोठे पवित्र स्थान असून ब्राह्मण याला बिशनगया, म्हणजे विष्णूची गया म्हणतात, असे तो लिहितो. पूर्वजांच्या आत्म्यांना जिथे सद्गती मिळते अशा गया तीन : बिहारातली ब्रह्मदेवाची, विजापूरजवळची रुद्राची आणि तिसरी ही. लगेच पुढे तो सरोवराचा आकार देतो, कोसभर लांब आणि कोसभर रुंद, भोवती उंच डोंगर. पाणी खारे, पण काही जागी गोडे. इथे काच आणि साबण बनवण्याचा माल निघतो आणि त्यातून सरकारला चांगले उत्पन्न मिळते.

वाचकहो, या मोजक्या ओळींत किती गोष्टी आहेत पाहा. देव आहे, तीर्थ आहे, भूगोल आहे, उद्योग आहे आणि महसूलही आहे. कुठेही टिंगल नाही. ‘ब्राह्मण म्हणतात’ एवढे सांगून श्रद्धा ज्यांची त्यांच्या पदरात ठेवली आहे. लिहिणारा विष्णूचा भक्त झाला नाही, पण ज्या मुलखाचा हिशेब मांडायचा, तिथली माणसे कशाला पवित्र मानतात हे जाणल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही, हे त्याला ठाऊक होते.

हा वारसा त्याच्याही आधीचा. अल-बिरूनीने संस्कृत शिकून इ. स. १०३० च्या सुमारास हिंदूंच्या देवदेवता, पुराणे आणि ज्योतिष यांवर ग्रंथ लिहिला. अकबराच्या दरबारात १५८२ पासून महाभारताचा फारसी तर्जुमा सुरू झाला, तोच ‘रज्मनामा’. सगळ्यांना हे रुचले असे मात्र नाही. बदायूनीने रामायणाचा तर्जुमा केला तो हुकूम म्हणून, आणि आपली नाराजी लिहूनही ठेवली. मंदिरे पाडल्याच्या नोंदीही इतिहासात आहेत, त्या लपवून काही साधत नाही. पण जाणून घेण्याची परंपराही आपलीच आहे. ती का विसरायची?

आपल्या मराठी मातीत तर ही परंपरा अधिक खोल गेली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, तो वारकरी मंडळींच्या बोलीत. मालोजी भोसले त्यांना गुरू मानत, असे सांगतात. बळी मागणाऱ्या क्षुद्र दैवतांवर त्यांनी कडक टीका केली. ज्याला दैवते ठाऊक आहेत, तोच त्यांच्यात फरक करू शकतो आणि बोलू शकतो.

कोणी म्हणेल, तौहीद मानणाऱ्याला या माहितीची गरज काय? आम्ही नम्रपणे सूरह अल-अनआमच्या १०८ व्या आयतीकडे बोट दाखवतो. अल्लाहखेरीज इतर ज्यांना लोक पुकारतात, त्यांना अपशब्द बोलू नका, अशी ताकीद तिथे आहे. जाणणे म्हणजे मानणे नव्हे. पण जो जाणत नाही, त्याच्या तोंडून अपशब्द लवकर निघतो. ऐकीव गोष्टींवर भांडण पेटवायला अज्ञानासारखे सरपण नाही.

ही जाणीव एकतर्फी असून चालणार नाही, हेही खरे. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. तिथली यात्रा होळीच्या सुमारास भरते आणि नारळांची होळी पेटते. हजारो हिंदू तिथे येतात. पंचांगाची तिथी आणि पीराचा संदल एकाच मैदानात सांभाळले जातात. आपल्या घरी येणाऱ्याला आपण विचारत नाही की हे कुणाचे. मग लोणारच्या काठावर आपली मुले का बिचकावीत?

सहलीच्या दिवशी धारेजवळ मुले थांबली. आम्ही अबुल फजलची नोंद उर्दूत करून आणली होती, ती वाचून दाखवली. ‘बिशनगया’ शब्दावर तोच मुलगा म्हणाला, “सर, ये तो अपनी किताब में है.” आम्ही म्हटले, “हो बेटा, आणि त्यांच्याही.” त्याने ओंजळ धरली, पाणी चाखले आणि सांगितले, “मीठा है.”