कापलेल्या घडाचा श्वास

मंडळी, अर्धापुरात श्वसनावर बोलायचं म्हणजे केळीच्या घडापासूनच सुरुवात करायला हवी. घड उतरवला की आपण म्हणतो, माल निघाला. पण तो घड मेलेला नसतो. त्याच्या पेशी हवेतला ऑक्सिजन घेतात, साठवलेली साखर वापरतात, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता बाहेर टाकतात. हेच श्वसन. छाती वरखाली होणं हा त्याचा फक्त बाहेरचा भाग; खरं काम पेशीत चालतं.

हे माणसाला कधी कळलं? 1782-83 च्या सुमारास पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला आणि किती वायू बाहेर पडला, हे त्यांनी मोजलं आणि कोळशाच्या जळण्याशी ताडून पाहिलं. निष्कर्ष असा की श्वसन म्हणजे संथ जळणं.

मग प्रश्न उरला : जळतं, तर पेशी पेटत का नाही? चुलीत लाकूड भडकतं, ऊर्जा एकदम सुटते. पेशी मात्र तीच ऊर्जा पायरीपायरीने उतरवून घेते आणि एटीपी नावाच्या रेणूत साठवते. या पायऱ्यांवर इलेक्ट्रॉन हातोहात पुढे देणारी प्रथिनं म्हणजे सायटोक्रोम. 1925 मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांनी ती कीटकांत, यीस्टमध्ये आणि वनस्पतींतही पाहिली.

इथे आपल्या एका मराठी बाईंचं नाव येतं : कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, तोही अटींवर. पुढे केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असल्याचं दाखवलं. फुलझाडांतल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवरचा, रॉबिन हिल यांच्याबरोबरचा त्यांचा लेख 1939 मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा!

म्हणजे बघा, बटाटा, केळी आणि आपण, सगळ्यांच्या पेशींत ऊर्जा काढण्याची मूळ रीत एकच.

आता परत घडाकडे येऊ. कच्च्या केळ्याच्या गरात साधारण 20 टक्के स्टार्च असतो. पिकताना श्वसन एकदम उसळतं आणि स्टार्चची साखर होते. इथिलीन वायू ही उसळी सुरू करून देतो. एका पिकलेल्या फळाने शेजारचीही पिकतात, ते त्यामुळेच. तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून उन्हात उभ्या ट्रकमध्ये घड स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतात आणि बाजार गाठण्याआधीच मऊ पडतात. म्हणून हिरवा माल 13-14 अंशांवर न्यायचा. त्याखाली गेलं तर साल काळवंडते. पिकवण्याच्या खोलीतही कार्बन डायऑक्साइड साठला तर पिकणं अडतं, म्हणून ती मधूनमधून उघडावी लागते.

वर्षभर राबून आपण घडात ऊर्जा साठवतो. तोडणीनंतर घड तीच ऊर्जा खर्चत जातो, आणि आपला भाव त्या खर्चाच्या वेगावर ठरतो. तो श्वास थांबवणं कुणाच्या हाती नाही; सावली, गारवा आणि खेळती हवा देऊन त्याचा वेग राखणं मात्र आपल्या हाती आहे.