एक घर, तीन धंदे : खारेपाटातील वर्षाचे गणित

आपल्या गावगाड्याचे जे चित्र इतिहासग्रंथांतून येते, त्यात प्रत्येक माणसाच्या हाती एकच हत्यार असते. सुताराच्या हाती वाकस, लोहाराच्या हाती हातोडा, कुणब्याच्या हाती नांगर. देशावरच्या गावांपुरते हे चित्र पुष्कळसे खरे आहे, आणि त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहून ते मराठी वाचकांच्या मनावर कायमचे कोरले. परंतु घाट उतरून पेण, उरण, पनवेल, अलिबागकडे वळले की हे चित्र अपुरे पडू लागते. तेथील खारेपाटातला माणूस आषाढात शेतकरी असतो, फाल्गुनात मिठागरावर असतो आणि मधल्या काळात खाडीत असतो. त्याचा धंदा कोणता, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही. आणि ज्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही, तो सरकारी कागदात नीट उतरत नाही. त्यामुळे त्या माणसाचे किती नुकसान झाले, हे पाहण्यासाठी आम्ही आज या विषयाकडे वळत आहोत.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. भरतीचे पाणी जेथवर चढते तेथवरची चिखलाची जमीन बांध घालून समुद्रापासून सोडवावयाची, तिच्यावरील खार पावसाच्या पाण्याने धुऊन काढावयाचा आणि मग तीत भात पिकवावयाचे, हा येथला फार जुना उद्योग आहे. बांधात ठिकठिकाणी उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये, एवढेच त्यांचे काम. ज्यांनी भांडवल घालून असे बांध उभारले त्यांना शिलोत्रदार म्हणत, आणि बांध राखण्याबद्दल कुळांकडून धान्याचा वाटा घेण्याचा त्यांचा हक्क असे. बांध प्रत्यक्ष घालणारे हात मात्र बहुतेक आगरी समाजाचे होते. ‘आगर’ या शब्दापासूनच त्यांचे नाव आले, आणि आगर म्हणजे मिठाचेही आगर.

आता वर्षाचा क्रम पाहू. रोहिणी-मृगाच्या सुमारास पावसाने जमीन भिजली, की खाऱ्या जमिनीत मोड आलेले भात फेकून पेरावयाचे. राता, मुंडा यांसारख्या तांबड्या, खार सोसणाऱ्या जातींचे हे भात. आश्विन-कार्तिकात कापणी आणि झोडणी. थोडी गोडी जमीन असली तर मागून वाल. पाऊस सरल्यावर मिठागराचे वाफे उपसून, चिखल पायांनी तुडवून त्यांचा तळ असा घट्ट करावयाचा, की वर साठणारे मीठ मातीत मिसळू नये. मग उधाणाचे पाणी आत घ्यावयाचे, ते एका कुंडातून दुसऱ्यात नेत उन्हाने दाट करावयाचे, आणि शेवटच्या वाफ्यात मिठाचा दाणा धरला की तो फळीने ओढून काठाला आणावयाचा. हे काम ऐन भरात येते ते फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. पावसाची चाहूल लागली, की उरलेल्या राशी गवताने शाकारून टाकावयाच्या. आणि वर्षभर, जेव्हा जेव्हा हात मोकळा होईल तेव्हा तेव्हा, खाडी आहेच : पाग टाकून धरलेली मासळी, कोळंबी, चिंबोऱ्या, निवट्या, आणि पहिल्या पावसात शेतांतून चढणारी वलगण.

वरवर पाहणाऱ्याला हे तीन वेगळे धंदे वाटतात. आमच्या मते त्यांच्या मुळाशी विद्या एकच आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, हे तिथीचे गणित तिन्ही धंद्यांना लागते. भातासाठी उधाणाचे पाणी बाहेर ठेवावयाचे, मिठासाठी तेच पाणी आत घ्यावयाचे आणि मासळीसाठी ते उतरताना त्याच्या वाटेवर जाळे लावावयाचे. बांधाचा चिखल कसा थापावा, फुटलेली जागा कशी बुजवावी, ही कारागिरीही शेताला आणि मिठागराला सारखीच लागते. जी उघाडी शेतातले पाणी सोडते तिच्याच तोंडाशी मासे धरले जातात.

पैशाच्या बाजूनेही ही सांगड अशीच होती. भात वर्षातून एकदाच घरात येई, आणि त्यातला मोठा वाटा खोताच्या किंवा मालकाच्या कणगीत जाई. मिठाची मजुरी कोरड्या महिन्यांत, शेतात काही काम नसताना, हाती पडे. मासळीचे पैसे थोडे असत, पण ते रोजचे असत. कार्तिकात एकदा येणारे धान्य, उन्हाळ्यातली मजुरी आणि रोजचे चार पैसे, या तीन वेगळ्या चालींच्या मिळकतींवर घर तरत असे. यांपैकी एकही एकटी त्याला पुरी पडली नसती.

अर्थात हे सारे गोड होते असे कोणी समजू नये. हंगाम काही पंचांगातल्या रेघांप्रमाणे एकमेकांपासून अलग राहत नाहीत. कापणी चालू असतानाच बांधाची डागडुजी निघते; राशी शाकारावयाच्या आठवड्यातच घरही शाकारावयाचे असते. अशा वेळी घरातील माणसे वाटली जात. पुरुष एका बांधावर, बाया दुसरीकडे, मुले गुरांमागे. डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहणारी आणि बाजारात मासळीची पाटी घेऊन बसणारी बाईच या व्यवहाराची खरी हिशेबनीस होती, पण तिच्या नावाची नोंद कोठेही नाही. शिवाय तीन धंदे म्हणजे तिप्पट सुरक्षितता, असेही नव्हे. वैशाखातील वळिवाने मीठ विरघळे. कार्तिकातील अवकाळी पावसाने भातही भिजे आणि मिठागराचे कामही लांबे. आणि मोठ्या उधाणाने बांध फुटला म्हणजे शेत पुढे काही वर्षे नापीक होई. शेत आणि मिठागर दोन्ही एकाच बांधाच्या आधाराने उभी होती, ही या व्यवस्थेची दुखरी नस होती.

राज्यकर्त्यांनी या व्यवहाराकडे कसे पाहिले? शिवाजी महाराजांचे १६७१ सालचे, कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणारे मीठ स्वस्त पडत होते आणि त्यामुळे संगमेश्वराकडील मिठाचा उठाव थांबण्याची भीती होती. महाराजांनी बाहेरच्या मिठावर जबर जकात बसवून ते आपल्या मिठाहून महाग पडेल अशी व्यवस्था करावयास सांगितले. मीठ विकले गेले नाही तर बंदरे बसतात, हे त्यांनी ओळखले होते. आमच्या दृष्टीने या पत्राचे मोल असे की त्यात मीठ ही केवळ कराची वस्तू नाही. मुलखाच्या चलनवलनाचा तो एक सांधा आहे.

इंग्रजी अमलात नेमका हाच सांधा निखळला. १८३७ साली मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे आठ आणे कर बसला. १८४४ मध्ये तो एक रुपया करताच सुरतेस दंगा उसळला आणि सरकारला थोडी माघार घ्यावी लागली. कर वसूल करावयाचा तर मिठागरावर पहारा हवा, आणि पहारा परवडावयाचा तर मिठागर मोठे हवे. म्हणून लहान आणि दूरदूरची मिठागरे बंद करण्याकडे कल वाढला. इकडे १८७८ च्या कायद्याने जंगल राखीव होऊ लागले आणि लाकूडफाट्याची जुनी वहिवाट गुन्हा ठरू लागली. जमीन महसूलखात्याकडे, मीठ मीठखात्याकडे, रान जंगलखात्याकडे. प्रत्येक खात्याने आपापल्या वहीत एकेक धंदा पाहिला. ते सारे धंदे एकाच चुलीवर शिजतात, हे पाहण्याचे काम कोणत्याच खात्याकडे नव्हते.

या पार्श्वभूमीवर १९३० साल पाहिले म्हणजे त्याचा वेगळा अर्थ लागतो. मिठाच्या सत्याग्रहाची लाट शिरोड्याला आणि वडाळ्याला पोहोचली, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहावर गोळीबार होऊन माणसे मारली गेली. इतिहासात मीठ एका प्रकरणात येते आणि जंगल दुसऱ्या. खारेपाटातल्या माणसाच्या लेखी ते दोन लढे नव्हते. त्याच्या वर्षाचे जे दोन तुकडे सरकारने काढून घेतले होते, ते तो परत मागत होता. १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात किनाऱ्यावरील लोकांना घरापुरते मीठ करण्याची मुभा मिळाली, आणि १९४७ मध्ये मिठावरील कर रद्द झाला.

परंतु या बहुधंदी जीवनाची खरी कसोटी लागली ती चरीच्या संपात. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला. हा संप १९३९ पर्यंत चालला. डिसेंबर १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीला आले, आणि १९३७ मध्ये त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. त्याच वर्षी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र निघाले. १९३९ च्या कुळकायद्याने आणि पुढे १९४८ च्या कायद्याने कुळांना जे संरक्षण मिळाले, त्याच्या मुळाशी हा लढा आहे, हे आता सर्वमान्य आहे.

येथे एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या शेतकऱ्याने शेतच टाकले, तो इतकी वर्षे जगला कशावर? उत्तर त्याच्या वर्षात होते. लोकांनी रानातला लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, मिळेल ती मजुरी केली. हाल झाले, उपासमार झाली. ते झाकण्याचे कारण नाही. तरी पण ज्याचा एकच धंदा असतो त्याला तो धंदा टाकून लढता येत नाही. मालकाला केवळ वाट पाहावी लागते. चरीच्या कुळाला शेत टाकून मागे सरावयास जागा होती, आणि ती जागा खोताच्या मालकीची नव्हती. नेतृत्व, संघटना आणि निर्धार यांचे श्रेय यत्किंचितही कमी न करता आम्ही असे म्हणू, की त्या निर्धाराला पाय टेकावयास जी जमीन मिळाली, ती खाडीची आणि रानाची होती.

स्वातंत्र्यानंतरची कथा या धड्याच्या उलट दिशेने गेली. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल, उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात येऊ लागल्या. त्यांत शेते होती तशी मिठागरेही होती. मोबदल्याच्या प्रश्नावर दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे धोरण आले. त्याचे मोल मोठेच आहे. तथापि जमिनीचा मोबदला जमिनीच्या मापाने ठरतो, आणि खाडीचा सातबारा कोणाच्याच नावे नसतो. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. त्या परिसरातील भरावामुळे खाडीवरचा धंदा गेल्याबद्दल उरणच्या १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने दिला तो २०१५ मध्ये. म्हणजे बंदर सुरू झाल्यापासून खाडी हा एक धंदा आहे हे कागदावर येण्यास पाव शतक लोटले.

शिरगणतीचीही तीच रीत. १९८१ पासून तिने कामगारांचे मुख्य आणि सीमांतिक असे दोन वर्ग केले. वर्षात १८३ दिवस वा अधिक काम केले तर मुख्य, नाही तर सीमांतिक. तीन धंद्यांतून वर्षभर राबणारा माणूस तीत मुख्य कामगार म्हणून येतो खरा. पण त्याच्या नावापुढे प्रमुख धंदा म्हणून एकच लिहिला जातो. उरलेले दोन त्याच्या घरात राहतात, देशाच्या हिशेबात राहत नाहीत. मग ते बुडाले तरी बुडाल्याची नोंद कोठे व्हावी?

असे असूनही ही रीत मेलेली नाही. पेणजवळच्या हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींचे कारखाने घराघरांतून उभे राहिले आहेत. श्रावण जवळ आला की रंगकामाची रात्रंदिवस घाई असते. त्याच पेणच्या बाया उन्हाळ्यात पापड आणि मिरगुंडे लाटतात. वस्तू नव्या आहेत. ऋतूची आणि घराची सांगड जुनीच आहे. पुढच्या काळात खारेपाटात पूल येतील, रस्ते येतील, गोदामे येतील. ती येऊ नयेत असे आम्ही म्हणत नाही. आमचे मागणे इतकेच की जमीन मोजावयास येणाऱ्या माणसाने घरात शिरून दोन प्रश्न अधिक विचारावेत : या घरी फाल्गुनात काय करतात, आणि श्रावणात काय करतात? हे दोन प्रश्न १८३७ साली कोणी विचारले नाहीत, १९७० सालीही विचारले नाहीत. ज्यांनी त्यांची उत्तरे जगून दाखविली, त्यांनीच चरीचा संप सहा वर्षे टिकविला.