दुचाकीचा झोत

कॅल्शियम कार्बाइडचं नाव आज आपल्याकडे निघतं ते आंबे पिकवण्यावरून, आणि त्यावर बंदी आहे हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पहिल्या पिढीच्या मोटरसायकली मात्र रात्री याच खड्यांच्या जोरावर रस्त्यावर उतरत. १८९२ मध्ये थॉमस विल्सन यांनी अमेरिकेत विजेच्या भट्टीतून कार्बाइड काढलं, पुढे ते स्वस्त झालं आणि ॲसिटिलीनचे दिवे सायकलींपासून मोटारींपर्यंत सगळीकडे पोचले. खालच्या डब्यात खडे, वर पाण्याची टाकी. झडप थोडी सैल केली की पाणी थेंबाथेंबाने खड्यांवर पडायचं, वायू सुटायचा आणि दिव्यातल्या बर्नरपर्यंत जायचा. तिथे काडी लावायची. ज्योत पांढरी, झळझळीत. मागे चकचकीत रिफ्लेक्टर. प्रवास संपल्यावर डब्यात उरलेला चुन्याचा लगदा खरवडून काढायचा, हेही काम होतंच.

ही ज्योत इंजिनाशी बांधलेली नव्हती. गाडी चढावर दमली तरी उजेड तेवढाच राहायचा. विजेच्या दिव्याने सोय केली, पण उजेड इंजिनाच्या ताब्यात दिला. पुढची कित्येक दशकं दुचाकीस्वाराने ते सोसलं.

१९२० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने मॅगडायनो आणला. ठिणगीचा मॅग्नेटो आणि विजेचा डायनॅमो त्यात एकत्र बसवलेले होते. त्याच दशकात जर्मनीत ओसराम कंपनीचा बायलक्स बल्ब आला. एकाच काचेत दोन फिलामेंट. अप्परची फिलामेंट रिफ्लेक्टरच्या बरोबर केंद्रावर, म्हणून तिचा झोत सरळ लांब जातो. डिपरची फिलामेंट केंद्राच्या किंचित पुढे आणि तिच्याखाली पत्र्याची एक छोटी वाटी. डिपरवर रिफ्लेक्टरचा खालचा अर्धा भाग उजेड वर फेकतो, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत. वाटी तो उजेड तिथपर्यंत पोचूच देत नाही. उरलेला वरचा अर्धा भाग उजेड खाली रस्त्यावर टाकतो. हेडलाइटच्या साऱ्या इतिहासात या नखाएवढ्या वाटीला मी सर्वांत वरची जागा देतो. अंधारात सुरक्षितपणे गाडी चालवायची तर उजेड कुठे अडवायचा हेही ठरवावं लागतं, ते तिथे पहिल्यांदा नीट साधलं.

आपल्याकडे डिपर होता, पण तो द्यायची सवय कमीच. म्हणून हेडलाइटच्या काचेचा वरचा भाग काळा रंगवायची पद्धत बरीच वर्षं चालली. १९७१ च्या युद्धात ब्लॅकआउटसाठीही दिवे असेच झाकले गेले. रंगाने समोरच्याचे डोळे वाचत, पण रस्त्यावरचा उजेडही त्याबरोबर जाई.

स्वातंत्र्यानंतर आपल्या रस्त्यांवर मद्रासची बुलेट आली, म्हैसूरची जावा आली आणि १९७२ पासून आकुर्डीची चेतक. जुन्या चेतकच्या दिव्याला बॅटरीचा आधार नव्हता. फ्लायव्हील मॅग्नेटोतल्या कॉइलमधून वीज थेट बल्बला जायची. इंजिन पळालं की झोत लख्ख, गिअर कमी करून घाट चढू लागलं की पिवळट, आणि वळणावर थांबावं लागलं की नुसती लाल तार दिसायची. क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळायचा आणि त्या क्षणभराच्या उजेडात पुढचा खड्डा पाहून ठेवायचा, ही युक्ती एका संपूर्ण पिढीच्या हातात बसली होती. त्यातही मागचा दिवा उडाला की त्याच्या वाट्याची वीज पुढच्या बल्बवर येई आणि तोही उडण्याची भीती असे. ज्यांनी रात्री-बेरात्री असे घाट पार केले, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर जाणं ही दिसायला छोटी सुधारणा, पण तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. २५ वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर साधारण चार ॲम्पिअर लागतात, बारा व्होल्टवर दोन. तार आणि स्विच यांचा रोध तोच धरला, तर वाटेत गळणाऱ्या व्होल्टेजचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावर येतं. आणि तापल्या तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी पडलं की उजेड तीस टक्क्यांनी पडतो! गंजलेला होल्डर, सैल अर्थ, जळका स्विच यांची किंमत एवढी आहे.

हॅलोजनचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधकांना १९५९ मध्ये मिळालं. फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन हॅलोजन वायू पुन्हा तिच्याकडे परत आणतो, त्यामुळे काच काळवंडत नाही आणि तार जास्त तापवता येते. दोन फिलामेंटचा एच-फोर बल्ब १९७१ चा. त्याच्या अप्परचा प्रमाणित प्रकाश १६५० ल्युमेन, डिपरचा १०००. लहान मोटरसायकलींच्या ३५ वॅटच्या एचएस-वन बल्बचे आकडे ८२५ आणि ५२५. हा फरक पाहून लोक लहान गाडीत मोठा बल्ब बसवू लागले, मग १००/९० वॅटचेही. तारा तापल्या, स्विच वितळले, प्लॅस्टिकचे रिफ्लेक्टर करपले. मूळ तारा आणि चार्जिंग तेवढ्या भाराची नव्हतीच.

दिवे बनवण्याचं कसब मराठवाड्यातही रुजलं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, व्हॅरॉक कंपनीने २०१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हिस्टिऑनचा दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला. दशकभराने त्याचा मोठा भाग फ्रेंच कंपनीला विकला. १ एप्रिल २०१७ पासून देशात बनणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप लागू लागला. त्याच वर्षी चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकला पूर्ण एलईडी हेडलाइट मिळाला. उजेड आता पुन्हा इंजिनाच्या वेगापासून सुटला आहे.

दुचाकीचा एक जुना प्रश्न मात्र एलईडीनेही आपोआप सुटत नाही. वळणावर गाडी कलते, तिच्याबरोबर झोताची कडही कलते आणि जिकडे वळायचं त्याच बाजूचा रस्ता अंधारात जातो. बीएमडब्ल्यूने के १६०० जीटीवर २०११ च्या सुमारास कलत्या गाडीत झोत सरळ ठेवणारा फिरता आरसा दिला. असा बंदोबस्त अजून महागड्या गाड्यांपुरताच आहे.

बाजारात मिळणारे एलईडी बल्ब जुन्या हॅलोजनच्या होल्डरमध्ये बसतात, पण माझं त्यांच्याबद्दलचं मत स्पष्ट आहे: ते घेऊ नयेत. रिफ्लेक्टर एका बारीक तारेच्या जागेवरून आखलेला असतो. तिथे पट्टीच्या दोन बाजूंना चिप आल्या की झोताची घडी मोडते. चालवणाऱ्याला समोर पांढरंशुभ्र दिसतं आणि समोरून येणारा आंधळा होतो. साठच्या वेगाने जाणारी दुचाकी धोका दिसल्यापासून थांबेपर्यंत जवळपास पन्नास मीटर घेते. समोरचा तेवढा वेळ काही न पाहता तुमच्याकडे येत असतो.

जुन्या बारा व्होल्टच्या हॅलोजन गाडीला आधी बॅटरी आणि अर्थ तपासून घ्या, होल्डर बदला, बॅटरीवर चालणारा हेडलाइट असेल तर फ्यूजसह रिले बसवा, म्हणजे मूळ बल्बला त्याचं पुरं व्होल्टेज मिळेल. मग सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा आणि मागे नेहमीचा माणूस बसवून, गाडी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. डिपरच्या झोताची वरची कड हेडलाइटच्या उंचीपेक्षा पाच ते सात सेंटिमीटर खाली यायला हवी. पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिककडून एवढं नक्की करून घ्या.