जस्तलेपित पोलादाचे वितळजोडकाम

जस्तलेपित पोलादाचे वितळजोडकाम म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा थर दिलेल्या पोलादी नळ्या, पत्रे, खांब इत्यादींचे वेल्डिंग होय. बाजारात हा माल 'जी.आय.' या नावाने ओळखला जातो. नावात लोखंड असले तरी तो बहुधा सौम्य पोलादाचाच असतो.

या कामातील बहुतेक अडचणींचे मूळ तापमानांतील तफावतीत आहे. जस्त सु. ४२०° से. तापमानाला वितळते व ९०७° से. ला उकळते, पोलाद वितळण्यास मात्र सु. १,५००° से. तापमान लागते. साहजिकच सांधा जुळण्याआधीच जस्ताची वाफ होते. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन तिचा झिंक ऑक्साइडचा दाट पांढरा धूर बनतो, तर वितळलेल्या धातूत अडकलेली वाफ सांध्यात छिद्रे पाडते.

धातुधूम ज्वर

हा धूर श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास धातुधूम ज्वर होतो. घशाला कोरड, तोंडात धातूची गोडसर चव, डोकेदुखी, अंगदुखी आणि थंडी वाजून येणारा ताप ही त्याची लक्षणे होत. ती साधारणतः ४ ते १० तासांनी, म्हणजे बहुधा कामगार घरी परतल्यावर दिसू लागतात. त्यामुळे हा ताप फ्ल्यू किंवा हिवताप समजला जाण्याचा संभव असतो; दिवसभरात कोणते काम केले हे डॉक्टरांना सांगणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते. ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. रोज धूर घेणाऱ्याच्या अंगी थोडी सहनशक्ती येते, परंतु ती सुट्टीत ओसरते; त्यावरून 'सोमवारचा ताप' असेही नाव पडले. दूध प्यायल्याने हा ताप टळतो, हा कार्यशाळांतील समज निराधार आहे.

याहून गंभीर धोका कॅडमियमचा. जुन्या नट-बोल्टांवरील कॅडमियमचा मुलामा जस्तासारखाच दिसू शकतो. त्याच्या धुराने होणारा फुप्फुसदाह प्राणघातक ठरू शकतो आणि त्याचा आरंभही अशाच तापाने होतो. मुलाम्याचा प्रकार माहीत नसलेला भाग तापवू नये. धाप लागल्यास किंवा छातीत दुखल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

कार्यपद्धती

जस्त आधीच काढून टाकणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. सांध्याच्या दोन्ही बाजूंस २५ ते १०० मि.मी. रुंदीचा पट्टा, पत्र्याच्या मागील अंगासह, ग्राइंडरने घासून काढतात. अरुंद नळीच्या आतील थर मात्र सहसा काढता येत नाही, त्यामुळे तिच्या उघड्या तोंडातून धूर येतच राहतो. वाऱ्याची दिशा बाजूने असावी. पाठीमागून येणारा वारा धूर चेहऱ्यासमोर घोळवतो. तोंडाला बांधलेला रुमाल हा सूक्ष्म धूर अडवत नाही. त्यासाठी धातुधुराकरिता प्रमाणित श्वसनमुखवटा लागतो. टाकीसारख्या बंदिस्त जागेत धूर यंत्राने बाहेर खेचल्याशिवाय काम करू नये.

थर ठेवूनच जोडायचे असल्यास दोन भागांत थोडी अधिक फट ठेवतात व गती मंद राखतात, म्हणजे वितळलेल्या धातूच्या पुढील जस्त जळून जाते.

लेपाची दुरुस्ती

जोडलेल्या जागी जस्त उरत नाही आणि गंज तेथूनच सुरू होतो. मळी ठोकून, तारेच्या ब्रशने जागा स्वच्छ करून तेथे जस्तबहुल रंग देतात. साधा रुपेरी रंग दिसायला तसाच असला तरी तो केवळ आच्छादन करतो. जस्त स्वतः झिजून शेजारच्या पोलादाला वाचवते.