हरतालिकेची पावती

२४ ऑगस्ट २०१७, हरतालिका. दारव्ह्यातल्या माझ्या रिचार्जच्या दुकानापुढे त्या संध्याकाळी गणपतीच्या बाजारापेक्षा जास्त गर्दी. जिओफोनची नोंदणी उघडली होती. पाचशे आज, हजार फोन हाती आल्यावर, आणि हे पंधराशेही अनामत, तीन वर्षांनी परत. आमच्याकडे फुकटाचं नाव काढलं की माणूस शेतातूनही येतो.

दोन-तीन दिवसांत देशभरात साठेक लाख नोंदी झाल्या आणि नोंदणी थांबली. फोन सप्टेंबरात मिळणार होता. गणपती गेले, मग घटस्थापनेचा वायदा ऐकू आला. फवारणीहून परतलेला गडी पाठीवरचा पंप पायरीशी टेकवायचा, अंगाला औषधाचा उग्र वास, आणि पहिला प्रश्न, “काहून भाऊ, माहा फोन आला का?” त्याच हंगामात जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक जीव गेले. त्यापुढे फोनची वाट कसली! पण विचारणारे विचारतच राहिले.

फोन आला तो कीपॅडचा, २.४ इंची पडद्याचा. एका काकांनी डबीतून घडी घातलेली पावती काढली, कापसाच्या पट्ट्यांतच ठेवलेली. फोन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “व्हॉट्सॲप कुठं हाय?”

ते नव्हतंच. त्यासाठी १५ ऑगस्ट २०१८ ही तारीख जाहीर झाली. आलं १० सप्टेंबरला, पुन्हा गणपतीच्याच तोंडावर.